दृष्टितंत्रिका जोडणीच्या संशोधनाचा इतिहास

डोळ्याच्या जालपटलातून (मागील प्रकाशसंवेदी पडद्यातून) निघणारे तंत्रिका तंतू भ्रूणावस्थेत मेंदूकडे वाढत जातात आणि तेथील ठराविक कोशिकांशी (पेशींशी) ठराविक क्रमाने जोडले जातात. या प्रक्रियेस दृष्टितंत्रिकांची जोडणी म्हणता येईल. मनुष्याच्या प्रत्येक दृक्-तंत्रिकेत (डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूत) सु. १० ते १२ लक्ष तंतू असतात. जालपटलावर शेजारी असलेल्या कोशिकांचे तंतू मेंदूतही शेजारी शेजारी पोहोचतात; त्यामुळे जालपटलाचा जणू एक नकाशाच मेंदूत तयार होतो. हा क्रम बिघडल्यास डोळा निर्दोष असूनही दिसणाऱ्या वस्तूचे स्थान व आकार यांचे आकलन होणार नाही.

मानवी कोशिकेतील प्रथिने घडविणाऱ्या जीनांची (आनुवंशिक लक्षणे निर्देशित करणाऱ्या गुणसूत्रांवरील एककांची, जनुकांची) संख्या मात्र सु. २०,००० इतकीच आहे. एवढ्या थोड्या जीनांच्या साहाय्याने लक्षावधी तंतूंना आपापली स्थाने कशी सापडतात, हा जीवविज्ञानातील एक मूलभूत प्रश्न ठरला. त्याच्या उत्तराचा शोध शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. जीन प्रत्येक तंतूसाठी स्वतंत्र पत्ता लिहून ठेवीत नाहीत. ते मोजक्या रासायनिक खुणा आणि त्या खुणा वाचण्याचे नियम पुरवितात. नकाशाचे ढोबळ रेखाटन अशा रीतीने होते व त्यातील बारकावे तंत्रिका कोशिकांच्या क्रियाशीलतेने आणि जन्मानंतर प्रत्यक्ष पाहण्याने पुरे होतात, हा या शोधाचा निष्कर्ष होय. बालकांच्या दृष्टिदोषांवरील उपचारांत वेळेला जे महत्त्व आहे, ते यातूनच स्पष्ट होते.

तंतूंचा मार्ग : जालपटलाच्या आतील थरातील गुच्छिका कोशिकांपासून निघालेले अक्षतंतू (कोशिकेपासून संदेश दूर नेणारे लांब तंतू) एकत्र येऊन दृक्-तंत्रिका बनते. दोन्ही बाजूंच्या दृक्-तंत्रिका मेंदूच्या तळाशी एकमेकींना भेटतात. या ठिकाणास दृक्-व्यत्यास म्हणतात. मनुष्यात जालपटलाच्या नाकाकडील भागातील तंतू येथे मध्यरेषा ओलांडून विरुद्ध बाजूस जातात, तर कानशिलाकडील भागातील तंतू त्याच बाजूस राहतात. ओलांडणाऱ्या तंतूंचे प्रमाण निम्म्याहून किंचित अधिक असते. उंदरात जवळजवळ सर्वच तंतू ओलांडून जातात, तर बेडूक व मासे यांत मेंदूच्या मुख्य दृष्टिकेंद्राकडे जाणारे तंतू बहुतांशी पलीकडचेच असतात. व्यत्यासानंतर मासे, बेडूक, पक्षी इ. प्राण्यांत बहुतेक तंतू मध्यमेंदूच्या छतासारख्या भागात (टेक्टममध्ये) जातात. सस्तन प्राण्यांत काही तंतू मध्यमेंदूच्या वरील भागात व काही थॅलॅमसमधील दृष्टिकेंद्रात पोहोचतात आणि तेथून पुढे नव्या कोशिकांचे तंतू प्रमस्तिष्काच्या (मोठ्या मेंदूच्या) बाह्यकाकडे संदेश नेतात [⟶ डोळा, तंत्रिका तंत्र]. वाढत्या तंतूला अशा रीतीने वाटेत तीन निर्णय घ्यावे लागतात : डोळ्यातून बाहेर कसे पडावे, मध्यरेषा ओलांडावी किंवा नाही आणि शेवटी कोठे थांबावे.

प्रारंभिक कल्पना : दोन डोळ्यांनी एकच वस्तू कशी दिसते, या प्रश्नाचा विचार करताना आयझॅक न्यूटन (१६४२–१७२७) यांनी ऑप्टिक्स (१७०४) या ग्रंथात दोन्ही डोळ्यांतील तंतूंची अंशतः अदलाबदल होत असावी, असे सुचविले होते. तथापि तंतू वाढतात कसे, याविषयी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत प्रत्यक्ष पुरावा नव्हता. स्पॅनिश शास्त्रज्ञ सांत्यागो रामोन ई काहाल (१८५२–१९३४) यांनी १८९० मध्ये कोंबडीच्या भ्रूणातील वाढत्या तंतूच्या टोकाशी असलेल्या फुगीर भागाचे वर्णन केले व त्यास वर्धी शंकू असे नाव दिले. हे टोक मार्ग चाचपीत पुढे सरकते आणि लक्ष्य कोशिकांपासून स्रवणाऱ्या रासायनिक द्रव्यांकडे आकर्षिले जात असावे, अशी कल्पना त्यांनी त्यानंतर लवकरच जालपटलाच्या अभ्यासाच्या संदर्भात मांडली. १८९५ मध्ये ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक जे. एन्. लँग्ली (१८५२–१९२५) यांना असे आढळले की, मानेतील तुटलेले तंत्रिका तंतू पुन्हा वाढताना पूर्वीच्याच योग्य कोशिकांशी जोडले जातात. यामागे तंतू व कोशिका यांच्यातील काही रासायनिक संबंध असावा, असे त्यांनी प्रतिपादन केले. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉस हॅरिसन (१८७०–१९५९) यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या भ्रूणातील ऊतकाचा (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहाचा) तुकडा शरीराबाहेर लसीकेच्या थेंबात ठेवून त्यातून तंतू वाढताना प्रत्यक्ष पाहिले. तंत्रिका तंतू हा कोशिकेतूनच बाहेर वाढतो, हे यामुळे निश्चित झाले.

यानंतरच्या काळात मत उलट दिशेने झुकले. पॉल वाइस (१८९८–१९८९) यांच्या प्रभावामुळे १९२०–४० या काळात अनेक शास्त्रज्ञ असे मानीत की, तंतूंची प्रारंभिक जोडणी फारशी निवडक नसते. त्यांना अर्थ प्राप्त होतो तो कार्यामुळे व अनुभवामुळे. हे मत ग्राह्य धरले, तर मेंदूतील जोडण्या हव्या तशा वळविता येतील व शिक्षणाने कोणतीही चूक दुरुस्त होईल, असा निष्कर्ष निघत होता. तंत्रिकांवरील शस्त्रक्रियांच्या दृष्टीनेही हा प्रश्न महत्त्वाचा होता.

स्पेरी यांचे प्रयोग : वाइस यांचेच विद्यार्थी रॉजर वोल्कॉट स्पेरी (१९१३–९४) यांनी या मताची परीक्षा घेतली. न्यूट व बेडूक या उभयचर प्राण्यांत दृक्-तंत्रिका तुटली, तरी ती पुन्हा वाढते व दृष्टी परत येते. या गुणधर्माचा उपयोग करून स्पेरी यांनी १९४३–४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तंत्रिका तोडून डोळा खोबणीतच १८० अंशांनी फिरविला. दृष्टी परत आल्यावर या प्राण्यांना जग उलटे दिसू लागले. माशी डोक्याच्या वर धरली, तर बेडूक खाली झेप घेई. ती पुढे धरली, तर तो मागे वळे. ही चूक अनुभवाने दुरुस्त झाली नाही. अनुभव हाच जोडणीचा शिल्पकार असता, तर उपाशी राहणाऱ्या बेडकाने योग्य जोडणी केव्हाच करून घेतली असती. याउलट प्रत्येक तंतू, डोळा फिरलेला असूनही, मेंदूतील आपल्या मूळच्या स्थानीच परतला होता.

डोमेनिका अत्तार्दी व स्पेरी यांनी १९६३ मध्ये सोनेरी माशावर केलेल्या प्रयोगांत जालपटलाचा काही भाग काढून टाकला व तंत्रिका पुन्हा वाढू दिली. उरलेले तंतू वाटेत रिकाम्या पडलेल्या जागा ओलांडून पुढे गेले आणि आपल्या नेमून दिलेल्या भागातच स्थिरावले. त्याच वर्षी स्पेरी यांनी ‘रासायनिक आसक्ती’चा सिद्धांत सविस्तर मांडला. त्यानुसार जालपटलातील व मेंदूतील कोशिकांना विकासाच्या काळात जीनांच्या नियंत्रणाखाली रासायनिक ओळखी प्राप्त होतात. प्रत्येक कोशिकेसाठी वेगळे द्रव्य मानण्याची गरज नाही, हेही त्यांनी दाखविले. पृथ्वीवरील कोणतेही स्थान अक्षांश व रेखांश या दोनच मापांनी सांगता येते. त्याचप्रमाणे दोन परस्परलंब दिशांनी क्रमाक्रमाने बदलत जाणाऱ्या दोन द्रव्यांच्या प्रमाणांवरून (प्रवणतांवरून) प्रत्येक कोशिकेचे स्थान ठरू शकेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. जीनांची संख्या व जोडण्यांची संख्या यांतील तफावतीला तत्त्वतः हे पहिले समाधानकारक उत्तर होते. मात्र ही द्रव्ये कोणती, हे त्या वेळी कोणालाही ठाऊक नव्हते.

सिद्धांतावरील आक्षेप : स्पेरी यांच्या सिद्धांताचा कडक अर्थ लावल्यास प्रत्येक तंतूचे स्थान कायमचे निश्चित असावयास हवे. ब्रिटिश शास्त्रज्ञ आर्. एम्. गेझ (१९२७–२०१२) व त्यांचे सहकारी यांना तसे आढळले नाही. गेझ व एस्. सी. शर्मा यांनी १९७० मध्ये सोनेरी माशाच्या टेक्टमचा अर्धा भाग काढल्यावर संपूर्ण जालपटलातील तंतू कालांतराने उरलेल्या अर्ध्या भागातच दाटीवाटीने, पण क्रम न सोडता बसल्याचे दाखविले. याच्या उलट, अर्ध्या जालपटलाचे तंतू पुरेसा वेळ दिल्यास संपूर्ण टेक्टमवर पसरतात, असेही आढळले. तंतू आपले स्थान निरपेक्षपणे ओळखत नसून शेजाऱ्यांच्या तुलनेत ठरवीत असावेत, असे यातून सूचित झाले. निरपेक्ष खूण की सापेक्ष क्रम, हा वाद पुढील तीस वर्षे चालला. त्याचा निकाल लावण्यासाठी द्रव्यांचा प्रत्यक्ष शोध लागणे आवश्यक होते.

मार्गदर्शक प्रथिनांचा शोध : जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेत फ्रीड्रिख बोनहोफर (१९३२–२०२१) यांच्या प्रयोगशाळेने एक सोपी पण प्रभावी पद्धत वापरली. कोंबडीच्या भ्रूणाच्या टेक्टममधील पुढील व मागील भागांच्या कोशिकापटलांचे एकाआड एक अरुंद पट्टे तयार करून त्यांवर जालपटलातील तंतू वाढविण्यात आले. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत कानशिलाकडील भागातील तंतू केवळ पुढील भागाच्या पट्ट्यांवर वाढले व मागील भागाचे पट्टे त्यांनी टाळले. मागील भागाचे पटल उष्णता देऊन निष्क्रिय केल्यावर हा भेद नाहीसा झाला. तंतूला त्याच्या जागी नेणारी गोष्ट केवळ आकर्षण नसून प्रतिकर्षणही आहे, असा अनपेक्षित निष्कर्ष यातून निघाला. काहाल यांच्यापासून चालत आलेल्या आकर्षणाच्या कल्पनेला मिळालेली ही महत्त्वाची पुरवणी होय.

योगायोगाने त्याच वर्षी जपानी संशोधकांनी मानवी कर्ककोशिकांमध्ये ईएफ या नावाच्या ग्राही प्रथिनाचा (विशिष्ट द्रव्याशी बद्ध होऊन कोशिकेच्या आत संदेश पोहोचविणाऱ्या प्रथिनाचा) जीन शोधून काढला होता. त्याचे शरीरातील कार्य तेव्हा अज्ञात होते. १९९५ मध्ये बोनहोफर यांच्या गटाने आणि अमेरिकेतील हार्व्हर्ड विद्यापीठात जॉन फ्लॅनगन यांच्या गटाने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, टेक्टममधील दोन प्रथिने ओळखली. ही प्रथिने ईएफ ग्राहींशी बद्ध होणारी होती. १९९७ मध्ये एकसमान परिभाषा ठरविण्यात आली व या कुलास एफ्रिन हे नाव मिळाले. वरील दोन प्रथिने एफ्रिन-ए५ व एफ्रिन-ए२ या नावांनी ओळखली जाऊ लागली.

टेक्टमच्या पुढील टोकाकडून मागील टोकाकडे जाताना एफ्रिन-ए प्रथिनांचे प्रमाण वाढत जाते. जालपटलात नाकाकडून कानशिलाकडे जाताना त्यांच्या ग्राहींचे प्रमाण वाढत जाते. ज्या तंतूवर ग्राही अधिक, त्याला एफ्रिनचे प्रतिकर्षण अधिक जाणवते. म्हणून कानशिलाकडील तंतू पुढेच थांबतात व नाकाकडील तंतू मागपर्यंत जातात. दुसऱ्या, म्हणजे वर-खाली दिशेसाठी एफ्रिन-बी व ईएफ-बी या कुलातील प्रथिनांचा उपयोग होतो. स्पेरी यांनी कल्पिलेले अक्षांश-रेखांश अशा रीतीने तीस वर्षांनी प्रत्यक्ष रेणूंच्या रूपात हाती आले. एफ्रिन-ए२ व एफ्रिन-ए५ या दोन्हींचे जीन निष्प्रभ केलेल्या उंदरांत हा नकाशा विस्कळित होतो, हेही २००० मध्ये सिद्ध झाले.

निरपेक्ष की सापेक्ष या वादाचा निकाल त्याच वर्षी अमेरिकेतील सॉल्क संस्थेत लागला. ग्रेग लेम्के व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या जालपटलातील, विखुरलेल्या अशा सु. निम्म्या गुच्छिका कोशिकांत ईएफ-ए३ हा जादा ग्राही निर्माण होईल, अशी जीनरचना केली. या उंदरांच्या मध्यमेंदूत एकाऐवजी दोन नकाशे तयार झाले. जादा ग्राही असलेल्या कोशिकांचा एक व उरलेल्यांचा दुसरा. ज्या कोशिकांत काहीच बदल केला नव्हता, त्यांचे तंतूही शेजाऱ्यांच्या दबावामुळे मूळ जागेवरून सरकले. तंतू आपल्या ग्राहीचे प्रमाण इतरांच्या तुलनेत वाचतो, हे यावरून स्पष्ट झाले. खुणा खऱ्या असतात, हे स्पेरी यांचे म्हणणे आणि त्यांचे वाचन सापेक्ष असते, हे गेझ यांचे म्हणणे, अशी दोन्ही मते आपापल्या मर्यादेत बरोबर ठरली.

मध्यरेषेवरील निर्णय : व्यत्यासापाशी तंतूने ओलांडावे की नाही, हा निर्णय वेगळ्या जीनांकडून होतो. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात कॅरोल मेसन यांच्या गटाने २००३ मध्ये दाखविल्याप्रमाणे, झिक२ हा नियामक जीन जालपटलातील ज्या कोशिकांत कार्यरत असतो, त्यांचे तंतू मध्यरेषा ओलांडत नाहीत. या तंतूंवर ईएफ-बी१ हा ग्राही असतो. व्यत्यासातील कोशिकांवर असलेले एफ्रिन-बी२ हे प्रथिन त्यांना मागे वळविते.

या संशोधनाची बीजे एका वेगळ्याच निरीक्षणात होती. १९६५ मध्ये आर्. डी. लंड यांना पांढऱ्या (वर्णकहीन) उंदीरवर्गीय प्राण्यांत न ओलांडणाऱ्या तंतूंचे प्रमाण नेहमीपेक्षा कमी आढळले. १९६९ मध्ये आर्. डब्ल्यू. गिलरी (१९२९–२०१७) यांनी सयामी मांजरांच्या थॅलॅमसमध्ये तशीच विकृती दाखविली. सयामी मांजरात रंगद्रव्य बनविणारे टायरोसिनेज हे एंझाइम उष्णतेने निष्प्रभ होते. म्हणून शरीराचे थंड भाग (कान, पंजे, शेपटी) तेवढे गडद असतात. अशी पुष्कळ मांजरे तिरळी असतात, कारण कानशिलाकडील जे तंतू त्याच बाजूस राहावयास हवे होते, त्यांतील पुष्कळसे चुकीने पलीकडे गेलेले असतात. १९७५ मध्ये वर्णकहीन व्यक्तीच्या मेंदूच्या अभ्यासातून मनुष्यातही असेच घडते, हे गिलरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. त्वचेचा व केसांचा रंग ठरविणारा जीन आणि मेंदूतील जोडणी यांचा असा संबंध असेल, अशी कल्पना पूर्वी कोणी केली नव्हती. वर्णकहीन उंदरांच्या जालपटलात झिक२ जीन कार्यरत असलेल्या कोशिका कमी असतात, हे पुढे आढळले. त्यामुळे या संबंधातील एक दुवा जुळला. वर्णकहीन व्यक्तींना डोळ्यांची अनैच्छिक हालचाल व खोलीचे अपुरे ज्ञान यांचा त्रास होतो, त्याचे एक कारण या चुकलेल्या जोडणीत आहे. चष्म्याने तो पूर्णपणे दूर होत नाही, हेही यावरून समजते.

उत्परिवर्तनांचा पद्धतशीर शोध : ज्ञात द्रव्यावरून जीनाकडे जाण्याऐवजी बिघाडावरून जीनाकडे जाण्याची पद्धतही फलदायी ठरली. ट्यूबिंगेन येथे झेब्रा माशांवर झालेल्या व १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यापक शोधात दृष्टितंत्रिकांच्या जोडणीत बिघाड करणारी शंभराहून अधिक उत्परिवर्तने (जीनांतील आकस्मिक आनुवंशिक बदल) सापडली, ती सु. ३५ जीनांतील होती. त्यांपैकी ‘बेलाडोना’ नामक उत्परिवर्तनात अनेक माशांत तंतू मध्यरेषा न ओलांडता त्याच बाजूस जातात व अशा माशांचे डोळे हलत्या दृश्याच्या उलट दिशेने फिरतात. हा बिघाड एलएचएक्स२ या नियामक जीनातील असल्याचे २००६ मध्ये निश्चित झाले. या जीनाच्या अभावी उंदराच्या भ्रूणात डोळेच तयार होत नाहीत, हे १९९७ पासून ज्ञात होते.

महाराष्ट्रातील संशोधन : या विषयाचा महाराष्ट्राशी संबंध प्रामुख्याने मुंबई येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेमुळे येतो. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ओबैद सिद्दीकी (१९३२–२०१३) यांनी १९६२ मध्ये तेथे रेणवीय जीवविज्ञान विभाग सुरू केला. जीनांतील बदलांच्या साहाय्याने तंत्रिका तंत्राचा अभ्यास करण्याची पद्धत अमेरिकेत सीमोर बेंझर (१९२१–२००७) यांनी फळमाशीवर रूढ केली होती. त्यांच्याबरोबर सिद्दीकी यांनी तापमान वाढताच माशीला पक्षाघात करणाऱ्या उत्परिवर्तनांचा अभ्यास केला व तो १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर सिद्दीकी व व्हेरोनिका रॉड्रिग्ज (१९५३–२०१०) यांनी स्वाद व गंध यांच्या संवेदनांत दोष असलेल्या माश्यांच्या वाणांचे जननिक विश्लेषण केले. रॉड्रिग्ज यांनी पुढे गंधसंवेदी तंतू माशीच्या मेंदूतील ठराविक केंद्रांशी कसे जोडले जातात, याचा अभ्यास केला. संवेदना डोळ्याची असो वा नाकाची, तंतूने आपले स्थान शोधावयाचे ही समस्या एकच असल्यामुळे या कार्याचे महत्त्व विषयाच्या सीमेबाहेरही आहे.

याच संस्थेत १९९९ पासून शुभा टोळे व त्यांचे सहकारी सस्तन प्राण्यांच्या अग्रमेंदूच्या विकासाचा अभ्यास करीत आहेत. झेब्रा माशातील व्यत्यासासाठी आवश्यक असलेला एलएचएक्स२ हाच जीन त्यांच्या संशोधनाच्या केंद्रस्थानी आहे. मेंदूच्या बाह्यकाला बाह्यक म्हणून ओळख देणारा हा जीन आहे, असे त्यांच्या गटाने २००८ मध्ये दाखविले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कार्यात विकसनशील डोळ्याची ओळख टिकविण्यासाठीही हा जीन आवश्यक असल्याचे आढळले. २०२१ मधील अभ्यास तंतूंच्या मार्गाच्या शेवटच्या टप्प्याविषयी आहे. थॅलॅमसमधून बाह्यकाकडे निघालेले संवेदी तंतू बाह्यकाखालील थरात काही दिवस थांबतात व मगच आत शिरतात. बाह्यकातील आद्य कोशिकांतून हा जीन लवकर काढून टाकल्यास तंतू न थांबता अकाली आत घुसतात. मात्र पुढे त्यांची जोडणी टिकत नाही व जन्मानंतर आठवडाभरात ती जवळजवळ नाहीशी होते. योग्य जागी पोहोचण्याइतकेच योग्य वेळी पोहोचणे महत्त्वाचे असते, हे या प्रयोगावरून दिसते. टोळे यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार (२०१०) व इन्फोसिस पुरस्कार (२०१४) मिळाले आहेत.

क्रियाशीलता व अनुभव यांचा वाटा : जीनांनी आखलेला नकाशा प्रारंभी ढोबळ असतो. तंतूंच्या शाखा आवश्यकतेपेक्षा दूरवर पसरलेल्या असतात व त्यांपैकी अयोग्य शाखा नंतर गळून पडतात. ही छाटणी कोशिकांच्या विद्युत् क्रियाशीलतेवर अवलंबून असते. १९८८ मध्ये लूचा गाल्ली व लांबेर्तो माफ्फेई यांना जन्मापूर्वीच्या उंदीरवर्गीय प्राण्याच्या जालपटलात, म्हणजे प्रकाश डोळ्यात शिरण्यापूर्वीच, आपोआप उठणारे विद्युत् स्पंद आढळले. १९९१ मध्ये कार्ला शाट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे स्पंद जालपटलावर लाटांप्रमाणे पसरतात, असे दाखविले. शेजारच्या कोशिका एकाच वेळी स्पंदतात व त्यामुळे कोणते तंतू शेजारचे आहेत, हे मेंदूला ‘कळते’.

जन्मानंतर हेच कार्य प्रत्यक्ष दृष्टी करते. डेव्हिड ह्यूबेल (१९२६–२०१३) व टॉर्स्टन व्हीझेल (१९२४– ) यांनी १९६३ पासून प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मांजराच्या पिलाचा एक डोळा आयुष्याच्या पहिल्या काही आठवड्यांत बंद ठेवल्यास, नंतर तो उघडला तरी बाह्यकातील बहुतेक कोशिका त्या डोळ्याला प्रतिसाद देत नाहीत, असे आढळले. प्रौढ मांजराचा डोळा तितकाच काळ बंद ठेवल्यास असे होत नाही. या कालमर्यादेस निर्णायक काल म्हणतात. १९८१ चे शरीरक्रियाविज्ञान वा वैद्यकाचे नोबेल पारितोषिक स्पेरी आणि ह्यूबेल व व्हीझेल यांना विभागून देण्यात आले. स्पेरी यांना ते मेंदूच्या दोन अर्धगोलांविषयीच्या कार्याबद्दल मिळाले. तथापि जोडणी जन्मजात असल्याचे दाखविणारा व तिच्यावरील अनुभवाचा परिणाम दाखविणारे, असे दोन्ही पक्ष त्या वर्षी एकाच सन्मानाचे मानकरी ठरले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

वैद्यकीय व सामाजिक महत्त्व : जन्मजात मोतीबिंदू, तिरळेपणा किंवा दोन डोळ्यांच्या चष्म्याच्या क्रमांकांतील मोठा फरक यांमुळे निर्णायक काळात एका डोळ्याकडून स्पष्ट संदेश मेंदूला न मिळाल्यास त्या डोळ्याची दृष्टी कायमची मंद राहते. यास मंददृष्टी (व्यवहारात ‘आळशी डोळा’) म्हणतात. एका डोळ्यातील दाट जन्मजात मोतीबिंदू सु. सहा आठवड्यांच्या आत व दोन्ही डोळ्यांतील सु. आठ ते दहा आठवड्यांच्या आत काढल्यास फलनिष्पत्ती सर्वांत चांगली मिळते. तिरळेपणामुळे आलेल्या मंददृष्टीवरील उपचार सात वर्षांपूर्वी अधिक गुणकारी ठरतात. ईएफ कुलातील ईएफ-ए२ या ग्राहीच्या जीनातील बदलांमुळे काही कुटुंबांत आनुवंशिक मोतीबिंदू होतो, असे २००८ पासून आढळून आले आहे. तंतूंना वाट दाखविणारे प्रथिनकुल डोळ्याच्या भिंगाच्या रचनेतही सहभागी असते, हे यावरून दिसते.

या कालमर्यादेमुळे प्रश्न केवळ शस्त्रक्रियेच्या कौशल्याचा राहत नाही, तर अंतराचाही होतो. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा याचे ठळक उदाहरण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. ६९ टक्के होते. सातपुड्याच्या रांगांतील अक्राणी (धडगाव) व अक्कलकुवा या तालुक्यांत वस्ती लहान लहान पाड्यांत विखुरलेली आहे. अशा पाड्यावर जन्मलेल्या बालकाच्या बाहुलीतील पांढुरकी झाक कोणाच्या लक्षात येऊन ते नेत्रतज्ञापर्यंत पोहोचेपर्यंत सहा आठवडे सहज निघून जाऊ शकतात. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदू व दृष्टिदोष यांच्या तपासणीचा समावेश आहे. त्यात नवजात बालकाची पहिली तपासणी प्रसूतिस्थानी व त्यानंतर सहा आठवड्यांपर्यंत आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटींत अपेक्षित असते. पुढे फिरती पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा व शाळांत एकदा तपासणी करतात. घरभेटींचे सहा आठवडे आणि एका डोळ्यातील मोतीबिंदूवरील उपचारांची मुदत या दोन्ही जवळजवळ एकच असल्याने दुर्गम भागात घरी जाऊन डोळे पाहणाऱ्या कार्यकर्तीचे काम शस्त्रक्रियेइतकेच निर्णायक ठरते.

मात्र मुदत टळली म्हणून उपचार निरर्थक ठरतात, असे नाही. पवन सिन्हा यांच्या पुढाकाराने भारतात चाललेल्या ‘प्रकाश’ प्रकल्पात जन्मतः अंध असलेल्या व ८ ते १७ या वयात दृष्टी मिळालेल्या पाच मुलांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. स्पर्शाने ओळखलेली वस्तू पाहून ओळखणे त्यांना प्रथम जमले नाही; पण ज्यांची पुन्हा चाचणी घेता आली, त्यांना ते थोड्याच दिवसांत जमू लागले. दृष्टीची तीक्ष्णता पूर्णपणे येत नसली, तरी शिकण्याची क्षमता बऱ्याच उशिरापर्यंत टिकते, हे यावरून दिसून येते.

प्रौढ सस्तन प्राण्यांत तुटलेली दृक्-तंत्रिका बेडकाप्रमाणे पुन्हा वाढत नाही. काचबिंदूमुळे गेलेली दृष्टी परत न येण्याचे हे एक कारण आहे. २००८ मध्ये अमेरिकेतील झिगांग ही यांच्या गटाने पीटीईएन हा वाढीस आळा घालणारा जीन काढून टाकून प्रौढ उंदरात दृक्-तंत्रिकेचे तंतू काही प्रमाणात पुन्हा वाढविले. वाढलेल्या तंतूंना मेंदूतील योग्य स्थाने सापडणे, ही त्यापुढील अडचण आहे. भ्रूणावस्थेतील खुणा प्रौढ मेंदूत कितपत शिल्लक असतात व त्या तंतूंना पुन्हा वाचता येतील काय, यावर या उपचारांचे यश अवलंबून आहे. स्पेरी यांनी बेडकाचा डोळा फिरवून विचारलेला प्रश्न अशा रीतीने मानवी रोगचिकित्सेत पुन्हा उपस्थित झाला आहे.